दिवाळी झाली की नेतो

"लबाड हाय तुमचा ल्योक," ठकूबाई म्हणाली.

मी अजून तिच्या ओट्यावर नीट टेकलेही नव्हते. खालच्या केळद गावापासून चढून आल्यामुळे छातीचा भाता चालू होता आणि तिनं दिलेला पाण्याचा तांब्या हातात तसाच होता. 'मी हृषीकेशची आई, पुण्याहून आले,' एवढंच मी म्हटलं होतं. आधी तिला उमगलं नाही. मग मी म्हटलं, "एकटा यायचा बघा. उंच, दाढीवाला, पाठीवर मोठी सॅक." तेव्हा तिनं शेणाचा हात पदराला न लागू देता कमरेवर उलटा टेकवला आणि मला नीट न्याहाळलं.

"रुशा व्हय? रुशाच्या आई तुमी? बसा. पानी प्या आदी. पन तोंडावर सांगते, लबाड हाय तुमचा ल्योक. संगं आला आसता ना आज, तर ह्या ओट्याव चढू दिला नसता म्या त्याला."

मी तांब्या खाली ठेवला. पाणी प्यायचं राहूनच गेलं.

हृषीकेशला जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

या गोष्टीलाही आता बरीच वर्षं झाली. पण ठकूबाईचा तो आवाज अजून कानात जसाच्या तसा आहे, कारण त्या दीड वर्षात माझ्याशी त्या पट्टीत कुणीच बोललं नव्हतं. सगळे हळू बोलायचे. शेजारपाजारचे जिन्यात भेटले की आधी मान खाली घालायचे. घरात तर आम्ही दोघंच, आणि दोघंही मुकी. हे सकाळी फिरायला जायचे, आले की पेपर, मग गाडी पुसणं. गाडी पुसून पुन्हा कव्हर घालायचं. कुठे जायचं नव्हतंच. त्याचं नाव घेणंच त्यांनी सोडून दिलं होतं. मी चुकून 'हृषी असता तर' म्हणाले की उठून गॅलरीत जायचे.

हृषीला डोंगराचं वेड कॉलेजपासून होतं. सुरुवातीला मित्रांच्या टोळक्यात किल्ले झाले, मग त्याला ती गर्दी नकोशी झाली. घाटावरून कोकणात उतरणाऱ्या जुन्या, मोडलेल्या पायवाटा शोधत तो एकटाच हिंडायचा. नोकरी कॉम्प्युटरवरची, पण शुक्रवारी संध्याकाळी त्याच्या अंगात वारं शिरायचं. "आई, पिंपरमाळला जाऊन येतो," म्हणायचा. कुठे आहे हे पिंपरमाळ, तिथे कोण आहे, हे मी कधी विचारलं नाही. मी एवढंच म्हणायची, पोचलास की फोन कर. तो म्हणायचा, तिथे रेंज नाही. झालं. शनिवार-रविवार माझा जीव टांगणीला. कुठल्या कड्यावरून पाय घसरेल, कुठे साप चावेल. सोमवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसला निघाला की मी सुटकेचा नि:श्वास टाकायची.

तो मंगळवारी गेला. नवरात्र चालू होतं. ऑफिसातून घरी येताना बायपासच्या सर्व्हिस रोडवर उलट्या बाजूनं आलेल्या टेम्पोनं त्याच्या मोटरसायकलला धडक दिली. डोक्यावर हेल्मेट होतं. वेगही फार नव्हता म्हणे. तिथून आमचं घर हाकेच्या अंतरावर.

मी टेलिफोन खात्यात होते. निवृत्त झाले आणि दिवस खायला उठला. एके दिवशी मनात आलं, निदान ते पिंपरमाळ तरी बघावं. त्याच्या मित्रांना विचारलं, त्यांच्यापैकी कुणीच तिथे गेलेलं नव्हतं. "तो आम्हाला नेतच नव्हता, काकू. वेल्ह्याच्या पुढे केळद, आणि तिथून वर कुठेतरी धनगरांची चार घरं, एवढंच माहितीये," एक जण म्हणाला.

"मी जाऊन येते," मी ह्यांना म्हटलं.

"काय आहे तिथे?"

"माहीत नाही. तेच बघायचंय."

ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. बऱ्याच वेळानं म्हणाले, "गुडघ्याचा पट्टा घेऊन जा."

अशी मी निघाले. एसटीनं वेल्हे, तिथून जीपनं केळद. जीपमधल्या एका बाईनं वाट दाखवली. फाल्गुन होता. गवत वाळून पिवळं पडलेलं, वाटेवर घसारा. चार पावलं चालायची आणि उभं राहायचं, असं करत चढले. या वाटेनं तो धावत जात असेल, हा विचार आला आणि त्याचा रागच आला मला. एवढं काय ठेवलं होतं इथे?

तर इथे ठकूबाई होती. कारवीच्या कुडाचं, शेणानं सारवलेलं घर. त्याला लागूनच गोठा. घर कुठे संपतं आणि गोठा कुठे सुरू होतो, कळू नये असा. मागे हिरड्याची झाडं, आणि झाडांच्या पलीकडे एकदम आभाळ. तिथे डोंगर संपत होता. खाली कोकण.

"काय केलं त्यानं?" मी विचारलं.

खरं म्हणजे तेव्हाच सांगायला हवं होतं. दाराशी आल्या आल्या सांगायची अशीच बातमी ती. पण तिच्या शब्दांनी मी गोंधळले, आणि तोंडून निघाला तो हाच प्रश्न.

"काय केलं?" ठकूबाई माझ्यासमोर उकिडवी बसली. "ह्या आमच्या म्हाताऱ्याला शबूद देऊन गेला. डोळ्यात मोतीबिंदू हाय म्हनला. मामा, दिवाळी झाली की नेतो म्हनला पुन्याला, घरी ऱ्हावा आमच्या, डोळ्याचं काम करून तुमाला परत हितं आनून सोडतो. मामा-मामी करत हुता की नुसता. दिवाळी झाली. म्हाताऱ्यानं धोतर धुतलं, पटका धुतला. रोज खिंडीत जाऊन बसायचा. आज यील, उंद्या यील. त्याचा पत्त्या न्हाय. मग म्हनला, शिमग्याला यील. शिमगाबी झाला. दुसरी दिवाळीबी गेली. बाई, तुमी आई हाय त्याची, तुमाला राग यील, येऊं द्या. पन आसं करत्यात व्हय?"

"नाही," मी म्हटलं. "असं करू नये."

"खाली क्याळदला डोळ्याचं शिबिर आलं हुतं. फुकट हुतं. सरपंचानं मानूस धाडला बोलवायला. ह्यो म्हातारा काय म्हनतो, म्या न्हाय जानार, माझा रुशा यायचाय. आता उजवा डोळा तर गेलाच. त्यातनं उजेडबी दिसत न्हाय. डावा पिठाळ झालाय. खोटारड्या मानसासाटी डोळा घालवला."

ती बोलत होती आणि मी ऐकत होते. ती 'होता' म्हणत नव्हती. 'लबाड हाय' म्हणत होती. तिच्या दृष्टीनं तो पुण्यात कुठेतरी मजेत होता, हिंडत-फिरत होता आणि मुद्दाम इकडे फिरकत नव्हता. तिला त्याचा खराखुरा, ताजा राग आलेला होता. त्या रागासाठी समोर तो जिवंत लागत होता, आणि होता.

"असाच आहे तो," मी म्हटलं.

माझ्या तोंडून ते कसं बाहेर पडलं, कुणास ठाऊक. पण पडलं, आणि मला एकदम हलकं वाटलं. खूप दिवसांनी चप्पल काढून पाय मोकळे करावेत, तसं.

"घरी पण असंच करतो का?" ठकूबाईनं विचारलं.

"विचारूच नका. येतो म्हणून सांगतो, आम्ही जेवायचे थांबतो, आणि ह्याचा पत्ता नाही. फोन करावा तर उचलत नाही. मोजे काढून कुठेही फेकतो. चिखलाचे बूट तसेच आत घेऊन येतो. एक दिवस सगळी फरशी पुसून घेतली त्याच्याकडून."

"बरं केलं," ठकूबाई म्हणाली. तिला बरं वाटलेलं दिसलं. "हितंबी तसंच. म्या भाकरी थापत बसायची आन् ह्यो निसता तोंड घालून तव्याव. नीट ताटात घेऊन खाईल तर शपत. चला, च्या ठेवते."

सूर्य कलला तशा म्हशी परत आल्या. त्यांच्या मागून ठकूबाईचे यजमान बिरू ढेबे आले. काठीनं जमीन चाचपत, मान एका बाजूला कलती करून. उंच, काटक म्हातारा. उजवा डोळा पांढराफेक. म्हशी त्यांना घरी घेऊन येत होत्या, ते म्हशींना नव्हे.

"कोन आलंय?" त्यांनी विचारलं.

"रुशाची आई," ठकूबाई ओरडून म्हणाली. "एकलीच आलीया. त्यो न्हाय आला."

बिरूमामा जागीच थांबले. मी काही बोलायच्या आत त्यांनी हात जोडले. "ताई, आलासा? लई बरं झालं. वाट सापडली का? तो बरा हाय न्हवं?"

ठकूबाई म्हणाली, "त्याला काय धाड भरलीया?"

ते उत्तर माझ्या वतीनं तिनंच दिलं.

जेवायला नाचणीची भाकरी आणि चवळीचं कालवण होतं, वर म्हशीचं दूध. चुलीच्या उजेडात आम्ही तिघं बसलो होतो. बिरूमामांना राग धरता येत नव्हता. ते शिवी देत आणि शिवी देता देता त्यांना त्याची काही गोष्ट आठवे, मग हसू फुटे.

"भित्रा लई," ते म्हणाले.

"हृषी? तो कसला भित्रा? कड्यावरून दोर लावून उतरतो तो."

"कड्याला न्हाय भीत. म्हशीला भितो. आवं, ती चांदी हाय ना आमची, ती रेडकाजवळ कुनाला येऊ देत न्हाय. ह्यो गेला फोटू काढाया. ती आली अंगाव. ह्यो पळाला त्यो हिरड्याच्या झाडाव. खाली ती हुबी. म्या लांबनं बगतुया. म्हनलं, बसू दे जरा. दुपारपासनं बसला हुता बगा वर, पार म्हशी घरला निगूस्तवर. मामा, मामा करून वरडत हुता. म्या आपला बसून तंबाकू खातुया."

"ह्यांनी मुद्दाम न्हाय सोडिवला," ठकूबाई म्हणाली. "आल्याव पोर रडकुंडीला आल्तं. म्हनलं, खा आता दूध, तिचंच हाय."

मी हसले. हसताना घास अडकला, ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी मी हसतच राहिले. झाडावर बसलेला माझा मुलगा मला दिसत होता. ही गोष्ट त्यानं घरी कधी सांगितली नव्हती. सांगेलच कसा? आमच्यापुढे त्याला शूर राहायचं असायचं.

त्यांनीही मला खूप विचारलं. लग्न ठरलं का त्याचं? मुली बघताय का? मी म्हटलं, ऐकत नाही. पगार किती? भाकरी येते का घरात कुणाला करायला? मी सगळ्याची उत्तरं देत गेले. एकही खोटं वाक्य नव्हतं त्यात, फक्त काळ तेवढा चुकीचा होता. ऐकत नाही. खातो. झोपतो. घोरतो. ती क्रियापदं मी दीड वर्षांत वापरली नव्हती. जीभ त्यांना अजून विसरली नव्हती.

ठकूबाईनं मला पांघरायला एक काळी घोंगडी दिली. "त्याचीच हाय. ठिवली हुती. येऊ दे, मंग उंदरांच्या पुढं टाकीन म्हनलं हुतं." अंथरुणावर पडले तशी मला लगेच झोप लागली. दमले होतेच. पण नुसतं दमून लागते तशी ती झोप नव्हती.

सकाळी जाग आली ती माशा लागल्या तेव्हा. उन्हं ओट्यावर आली होती. बिरूमामा भिंतीला टेकून बसले होते. ठकूबाई अंगण झाडत होती. चहा झाला आणि मी म्हटलं, "मामा, चला माझ्याबरोबर. आज निघू. डावा डोळा तरी वाचेल. आमच्या ओळखीचे डॉक्टर आहेत."

"तुमी कशाला तरास घेता?" ते म्हणाले. "त्यानं न्यायचं हाय."

"मी नेते ना."

"न्हाय ताई. राग मानू नका. त्यानं शबूद दिलाय, त्यानं पाळावा. त्याच्या फटफटीव मागं बसून जानार हाय म्या. तुमी त्याला येवढंच सांगा, मामा अजून बसलाय. बगू कसा येत न्हाय."

"बघा," ठकूबाई झाडू आपटत म्हणाली. "ह्यो असा हेका. दुसराबी डोळा घालवनार."

मी त्यांच्याकडे पाहिलं. डाव्या डोळ्यात दुधाळ साय आलेली. ते हसत होते. त्यांची पक्की खात्री होती की तो येणार. ते वाट बघत राहिले असते. पावसाळा गेला असता, पुढची दिवाळी आली असती, खिंडीत जाऊन बसले असते, आणि एक दिवस खिंडीची वाटही दिसेनाशी झाली असती.

"मामा," मी म्हटलं, "तो नाही येणार."

"का? रागावलाय का काय आमच्याव?"

"नाही. तो गेला."

"कुठं गेला?" ठकूबाईनं विचारलं. "परदेसाला?"

गेला हा शब्द मी दीड वर्ष वापरत होते. तेवढ्यावर सगळ्यांना कळायचं. इथे कळलं नाही. दुसरा शब्द वापरावा लागणार होता, आणि तो मी तोवर एकदाही उच्चारला नव्हता.

"मेला," मी म्हटलं. "नवरात्रात. ज्या दिवाळीनंतर तुम्हाला नेणार होता, तिच्या आधीच्या नवरात्रात."

झाडूचा आवाज थांबला. गोठ्यात म्हशीनं पाय आपटला. बिरूमामा तसेच बसून राहिले, चेहऱ्यावरचं हसू अर्धवट राहिलेलं, जणू ते काढून घ्यायचं त्यांना सुचत नव्हतं.

ठकूबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आन् राती आमाला येवढं बोलू दिलंसा? त्या मेलेल्या लेकराला?"

"हो."

"का वो?"

"ठकूबाई, तो गेल्यापासून सगळे त्याच्याबद्दल फार चांगलं बोलतात. इतकं चांगलं, की तो माझा मुलगा वाटत नाही. काल पहिल्यांदा कुणीतरी त्याला शिव्या दिल्या. मला वाटलं, तो आहे अजून कुठेतरी. एक दिवस राहू द्यावा."

ती वळली आणि गोठ्यात गेली. थोड्या वेळानं आतून तिचा आवाज आला. आधी वाटलं म्हशीशी बोलतेय. मग कळलं.

बिरूमामांनी विचारलं, "कड्यावरनं?"

"नाही, मामा. रस्त्यावर. मोटरसायकलला टेम्पोनं उडवलं."

"घाटात?"

"नाही. घराजवळ. पुण्यात."

ते विचार करत राहिले. "पन त्यो पडत न्हाय," ते म्हणाले. "म्या शिकिवलंय त्याला. पाय कसा टाकायचा, भार कुठं द्यायचा. निसरड्यावरबी न्हाय पडला कदी. त्यो पडत न्हाय, ताई."



ठकूबाई बाहेर आली तेव्हा तिच्या हातात धुतलेलं धोतर आणि पटका होता. तिनं ते एका फडक्यात बांधलं आणि गाठोडं बिरूमामांच्या मांडीवर ठेवलं. "जावा ताईसंगं," ती म्हणाली. "त्यो न्हाय आला म्हनून त्याची आई आलीया न्यायला. आता हेका नको."

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्या बोलले त्ये समदं मागं घेते."

"नको," मी म्हटलं. "मागं नका घेऊ. राहू द्या ते."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि माझा हात धरला. तिच्या हाताला अजून शेणाचा वास होता.

उतरताना उलटंच झालं. ज्यांना दिसत नव्हतं ते पुढे चालत होते आणि गुडघ्याला पट्टा बांधलेली मी त्यांच्या मागून त्यांच्या पावलांवर पाऊल टाकत होते. संध्याकाळी घरी पोचलो. ह्यांनी दार उघडलं. खांद्यावर घोंगडी, डोक्याला पटका, एक डोळा पांढरा, असा माणूस बघून ते थोडे मागे सरले.

"हे कोण?"

"हृषीचे मामा," मी म्हटलं.

नाव ऐकून हे गॅलरीत जातील असं मला वाटलं होतं. पण पाहुणा दारात उभा होता. ते तसेच उभे राहिले, मग म्हणाले, "या. चहा घेणार ना?" आणि स्वतः चहा करायला आत गेले.

दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवलं. तपासून ते म्हणाले, "उजव्याचं आता काही होणार नाही, आत दाब वाढून गेलाय तो. डावा करू. थोडं आधी आणायला हवं होतं यांना."

"आणणारा नव्हता," हे म्हणाले. तेवढंच. पुढे होऊन त्यांनीच सह्या केल्या.

ऑपरेशननंतर बिरूमामा आमच्याकडे राहिले. त्यांना पलंग नको होता, पंखा नको होता. गॅलरीत घोंगडी टाकून झोपायचे. नळ कसा फिरवायचा, संडासात दिवा कुठे लागतो, हे सगळं ह्यांनी त्यांना हात धरून दाखवलं. डोळ्यात थेंब घालायचं काम ह्यांनी आपल्याकडे घेतलं. एका दुपारी मी निजले होते, गॅलरीतून बोलण्याचा आवाज आला.

"झाडावर? खरंच?" हे विचारत होते.

"खोटं कशाला सांगू दाजी? दुपारपासनं."

"आणि खाली म्हैस?"

"हां. चांदी."

"मग तो काय म्हणत होता?"

"मामा, मामा. दुसरं काय म्हननार?"

मग ह्यांचा आवाज, "परत सांगा ना. पहिल्यापासून."

बिरूमामांनी पहिल्यापासून सांगितलं. मी कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. ह्यांना तेव्हा कुणी बघायला नको होतं.

पुढे बिरूमामा बरीच वर्षं जगले, त्या एका डोळ्यावर. म्हशींना पुन्हा तेच घेऊन येऊ लागले. आम्ही दोघं अधूनमधून जायचो. ह्यांनी गाडीचं कव्हर काढलं ते पुन्हा घातलं नाही. ठकूबाई कधी कधी आठवण आली की अजून त्याला एखादी शिवी हासडायची, मग पदर तोंडाला लावायची. आता ती दोघंही नाहीत, हेही नाहीत.

पण मला सांगायचंय ते बिरूमामांना परत सोडायला निघालो त्या दिवसाचं. गाडीत गाठोडं ठेवलं. काळा चष्मा लावून बिरूमामा पुढे बसले. हे गाडी सुरू करणार, तेवढ्यात ते म्हणाले, "दाजी, ती जागा दावता का मला?"

कुठली जागा, हे ह्यांनी विचारलं नाही. तो अपघात झाल्यापासून हे त्या बाजूला एकदाही गेले नव्हते. भाजी आणायलासुद्धा लांबच्या रस्त्यानं जात. मी मागून म्हटलं, "राहू द्या मामा, उशीर होईल." पण ह्यांनी गाडी वळवली.

सर्व्हिस रोडला लागून टायरचं दुकान होतं, त्याच्या पुढे रसाचं गुऱ्हाळ. हे गाडी कडेला लावून उतरले, दुसऱ्या बाजूला जाऊन त्यांनी बिरूमामांना हात दिला. मीही उतरले. ऊन रणरणत होतं. वरच्या बायपासवरून गाड्यांचा एकसारखा आवाज येत होता. टायरच्या दुकानातल्या माणसानं आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा कामाला लागला.

"इथे," हे म्हणाले.

बिरूमामांनी चष्मा काढला. डॉक्टरांनी उन्हात काढू नका म्हणून बजावलं होतं, पण त्यांनी काढला. ते पलीकडे बघू लागले, मग अलीकडे. वर बघितलं, जणू वर कुठे कडा असेल. रस्त्याच्या कडेला जाऊन खाली बघितलं, तिथे नुसतं गटार होतं. चार पावलं पुढे चालले, परत आले. मग उकिडवे बसले आणि डांबरावर हात फिरवला. गुळगुळीत, काळा, तापलेला रस्ता.

"हितंच?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"हो. इथेच. हृषी रोज इथूनच यायचा," हे म्हणाले.

बिरूमामा उठले. त्यांच्या त्या एका, नव्या डोळ्यात मी पाहिलं. तिथे रडू नव्हतं. त्यांना काहीतरी समजून घ्यायचं होतं आणि ते समजत नव्हतं.

"पन दाजी," ते म्हणाले, "ह्ये तर सपाट हाय."

"हो," हे म्हणाले. "सपाटच आहे."

"मंग?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. बिरूमामा ह्यांच्या तोंडाकडे बघत, उत्तराची वाट बघत उभे होते.

मागून एका टेम्पोनं हॉर्न दिला. आम्ही तिघं बाजूला झालो.